शाळेतली जन्मतारीख

वाशी,
१४ जुलै १९७९

ती. दुर्गावन्सं यांस नमस्कार.

पत्राला उशीर झाला, तेव्हा आधी पोटभर रागावून घ्या आणि मग पुढे वाचा. वाशीला येऊन वर्ष उलटलं, तरी हे घर आपलं आहे यावर माझा विश्वास बसत नाही. परळच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं कशी राहिलो ते तुम्ही पाहिलंच आहे. इथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गॅलरी. खाडीचा वारा इतका, की वाळत घातलेली चादर परवा समोरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन पडली. बाजारहाटाची मात्र रड आहे. काही बरं घ्यायचं तर बस धरून पुलापलीकडे चेंबूर गाठावं लागतं. यांची कंपनी बेलापूर रोडवर, म्हणून हे खूश.

आता खरं सांगते. तुमच्या ठकूचं, म्हणजे आमच्या स्मिताचं, शाळेत काही खरं नाही. तिसरीत गेली, पण वाचायला उभी केली की तोंडातून शब्द फुटत नाही. बेरीज बोटांवर आणि वजाबाकी म्हटली की रडू. वर्गात सगळ्यांत बुटकी तीच. बाकीच्या पोरी दोरीवरच्या उड्या मारतात आणि ही बाकाखाली बसून खडूच्या तुकड्यांशी बोलते. परवा मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, की मुंबईला मुलांची बुद्धी तपासतात, तिथे दाखवून आणा. नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही तिला ठेवणार नाही.

मी म्हणणारच होते, की अहो, पोर अजून सात वर्षांचीसुद्धा नाही, दसऱ्यानंतर होईल. तुम्ही ती साडेचारची असतानाच तिला तुमच्या शाळेत पहिलीत बसवलंत आणि रजिस्टरात एक जून एकाहत्तर घातलंत. पण यांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "वयाचं तोंडातून काढू नकोस. खोटी तारीख म्हणून पोरीला काढतील आणि ताईची नोकरी जाईल." तुम्हाला काय वाटतं ते लवकर कळवा. टेन्शनने माझं डोकं उठलंय.

तुमची
वैजयंती


आंबेकोंड, ता. खेड,
२६ जुलै १९७९

चि. सौ. वैजयंतीस आशीर्वाद.

पत्रावर तारीख घातलीस हे पाहून बरं वाटलं. लग्न झाल्यापासून तुझ्या कानीकपाळी ओरडत होते, त्याचं चीज झालं. मास्तरणीची भावजय झालीस, त्याला आता इलाज नाही.

ठकूला बुद्धी नाही म्हणणाऱ्या त्या बाईंना एकदा माझ्यासमोर आणून उभं कर. परळला जागा नाही म्हणून तीन वर्षं ती माझ्याजवळ राहिली. चार वर्षांची असताना वाडीतल्या सगळ्या गाईंची नावं आणि कुठली कधी व्याली ते सांगायची. वहाळाचं पाणी कुठल्या दगडापर्यंत चढलं की साकव बुडतो, हे तिने मला दाखवलं होतं, मी तिला नव्हे. हुशार होती म्हणूनच तर लवकर शाळेत घातली. घरी एकटी ठेवून तिचं डोकं गंजवायचं होतं का? शहरातली शाळा, एका वर्गात पन्नास मुलं. पोर बावरली असेल, दुसरं काही नाही.

वयाचं मात्र मुळीच काढू नका. दिनानाथ म्हणतो ते बरोबर आहे. रजिस्टरात एकदा चढलेली तारीख ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. आमच्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, त्यांचं कुठे काय अडलंय? तपासायचं तर खुशाल तपासा. डॉक्टर डोकं तपासणार, दाखला नव्हे.

ठकूला सांग, तिची तांबू व्याली. पाडी झाली आहे.

तुझी
दुर्गाताई


वाशी,
९ डिसेंबर १९७९

ती. वन्सं,

नमस्कार. हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

सोमवारी स्मिताला घेऊन मुंबईच्या हॉस्पिटलात गेलो. मला वाटलं होतं सुया टोचतील, डोक्याचे फोटो काढतील. तसलं काहीच नाही. एका खोलीत लहान टेबल, लहान खुर्च्या आणि एक तरुण बाई. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. बाईंनी पेटीतून लाकडी ठोकळे काढले आणि त्यांचा पूल करून दाखवला. स्मिताने लगेच केला. मग मणी ओवायचे. मग चित्रातल्या माणसाचं काय हरवलंय ते सांगायचं. मग बाई आकडे म्हणणार आणि हिने ते उलटे म्हणायचे. तिथे अडली. पत्र आणि पोस्टमन यांची गोष्ट सांगितली, त्यावर प्रश्न विचारले, तिथेही अडली. पण वन्सं, ती इतकी खुशीत होती! निघताना बाईंना म्हणाली, "उद्या पण येऊ?"

शुक्रवारी रिपोर्ट मिळाला. यांनी मराठीत समजावला तो जसाच्या तसा लिहिते. मुलीचं मानसिक वय पाच वर्षं नऊ महिने. बुद्ध्यंक अडुसष्ट. सत्तरच्या खाली असला की ती मतिमंद धरतात. नेहमीच्या शाळेत तिला झेपणार नाही, वेगळ्या संस्थेत घाला, हाताचं काही शिकेल. अडुसष्ट. दोनच कमी पडले हो. आमच्या वेळी मास्तर दोन मार्क असेच द्यायचे.

यांना विचारलं, पुढे काय करायचं. सोसायटीत कुणाला कळू देऊ नकोस एवढंच म्हणाले.

वन्सं, एक मागते. तुमच्याकडे पाठवू का तिला? तुमच्या शाळेत, तुमच्या डोळ्यांसमोर. तिथे ती बोलायची, हसायची. एक वर्ष तरी ठेवून बघा. नाही म्हणू नका.

वैजयंती


आंबेकोंड,
२० डिसेंबर १९७९

चि. सौ. वैजयंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मुलांना दुपारची सुट्टी दिली आणि दार लावून बसले. मला तो आकडा पटत नाही. पण मी खेड्यातली मास्तरीण. मुंबईच्या शिकलेल्या बाईंपुढे माझ्या पटण्याला काय किंमत?

तू मागितलंस त्याला हो म्हणता आलं असतं तर आजच एस.टी.त बसले असते. पण आमची दोन शिक्षकांची शाळा. चार वर्ग दोघांत. तिच्याकडे जे लक्ष द्यायला हवं ते मला देता येणार नाही. त्या संस्थेत त्यातलं शिकलेली माणसं असतील. मनावर दगड ठेव आणि ते म्हणतात तसं कर.

ती तिथे गेली की मी दर महिन्याला तिला एक कार्ड लिहीन, मोठ्या अक्षरात. तिने वाचलं नाही तरी तिच्या हातात द्या.

तुझी
दुर्गाताई


वाशी,
३० जून १९८०

ती. वन्सं,

तुमच्या "नाही"वर मी काही लिहिलं नाही. लिहिणारही नाही.

काल स्मिताला पोचवून आलो. संस्था उरणला आहे, मोऱ्याच्या धक्क्याच्या वरच्या अंगाला. लांबट कौलारू घर, ओळीने चोवीस कॉट. खिडकीतून समुद्र आणि मुंबईहून येणाऱ्या लाँच दिसतात. मेणबत्त्या, पाकिटं, मण्यांची तोरणं करायला शिकवतात. वाचायला शिकवत नाहीत का, असं मी विचारलं. सुपरवायझर म्हणाले, "आधी बटणं लावायला शिकू द्या." मी म्हटलं, बटणं ती तीन वर्षांची असल्यापासून लावते. ते हसले. प्रत्येक आई असंच म्हणते, असा तो हसण्याचा अर्थ होता.

स्मिताला वाटलं आपण परत ठोकळे खेळायला आलो. कुठे आहेत ठोकळे, म्हणून सगळ्या खोल्यांतून हिंडली. निघताना मी तिला सांगितलं, खाऊ घेऊन येते. तुमचं कार्ड तिच्या उशीखाली ठेवलं. बस सुटेपर्यंत हे समुद्राकडे तोंड करून उभे होते.

आज सकाळी नेहमीप्रमाणे दोन डबे भरले. मग एक रिकामा केला.

वैजयंती


वाशी,
२१ फेब्रुवारी १९८३

ती. वन्सं,

चिंचेचे गोळे पोचले. निम्मे स्मिताला नेऊन दिले. तुमची कार्डं ती पत्र्याच्या डब्यात ठेवते, कुणाला हात लावू देत नाही.

तब्येत बरी आहे. उंची वाढली. एक गोजरा म्हणून सहा वर्षांची मुलगी तिथे आली आहे. तिला चालता येत नाही आणि बोलताही येत नाही. ती फक्त स्मिताच्या हातून जेवते. दुसऱ्या कुणी घास पुढे केला तर तोंड मिटते. सुपरवायझर म्हणाले, त्यामुळे आमचं एक माणूस वाचतं.

मला एकाच गोष्टीची काळजी वाटते. ती सारखं काहीतरी पुटपुटते. "अष्टमी बारा, नवमी पावणेएक, दशमी दीड." खिडकीशी बसून तेच ते. त्यांच्या वहीत "असंबद्ध बडबड" असं लिहिलं आहे. तिथल्या स्वयंपाकीण बायजाबाई मोऱ्याच्या कोळीण आहेत. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताय, ही पोर येडी नाय हाय. हिला भरती-सुकतीचा सगला ठावं हाय. माजा घरवाला सुदा हिलाच इचारतो, लाँच कवा लागंल म्हनून." बिचाऱ्या माझं मन राखायला म्हणत असतील. मी त्यांच्या हातावर दोन गोळे ठेवले आणि निघाले.

आता वाशीत भाजी, कांदाबटाटा मिळतो. मोठा बाजारच इथे आलाय. तुम्ही एकदा या ना. तीन वर्षांत आला नाहीत.

वैजयंती


रत्नागिरी,
१८ मे १९८५

वैजयंती,

आशीर्वाद लिहीत नाही. कुठल्या तोंडाने लिहू? हे पत्र आधी एकटीने वाच आणि मग दिनानाथला दे.

सुट्टीत शिक्षकांचं शिबिर आहे म्हणून इथे आले. काल पुण्याचे एक प्राध्यापक मुलांच्या बुद्धिमापनावर बोलले. फळ्यावर त्यांनी सूत्र लिहिलं. मुलाचं मानसिक वय घ्यायचं, त्याला त्याच्या खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. मी वहीत उतरवून घेतलं. दुसरी ओळ लिहिताना हात थांबला.

मी उठून विचारलं, "खरं वय चुकीचं दिलं असेल तर?" ते म्हणाले, "मग सगळंच चुकेल, बाई. पण आईबापांना आपल्या मुलाचं वय ठाऊक नाही असं कुठे असतं?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

तुझं एकोणऐंशीचं पत्र मला पाठ आहे. मानसिक वय पाच वर्षं नऊ महिने, म्हणजे एकोणसत्तर महिने. दाखल्याप्रमाणे तेव्हा ती साडेआठ वर्षांची, एकशे दोन महिन्यांची. भागून बघ, अडुसष्टच येतात. पण आपली ठकू तेव्हा सात वर्षं एक महिन्याची होती. पंच्याऐंशी महिने. त्याने भागलं की एक्याऐंशी येतात. मी पाच वेळा भागलं. सत्तरच्या रेषेच्या किती तरी वर, वैजू. थोडी मागे, इतकंच. तिला आपल्याहून जवळजवळ दीड वर्षाने मोठ्या मुलांत बसवलं होतं, मागे नाही तर काय पुढे असणार होती?

अजून एक सांगायचं आहे. हुशार होती म्हणून लवकर घातली, असं मी तुम्हाला सांगत आले. ती हुशार होती हे खरं, पण त्यासाठी घातली नाही. त्या वर्षी पहिलीचा पट भरत नव्हता. पट भरला नसता तर दुसऱ्या शिक्षकाची जागा रद्द होऊन माझी बदली चिपळूणच्या पलीकडे झाली असती. तपासणीला येणारे साहेब सहा पूर्ण झालेलं मूलच धरायचे, म्हणून मी तिला सहा पूर्ण केली. शाईने, माझ्या हाताने. मुलांना शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी दहा वेळा लिहायला लावणारा हाच तो हात.

आणि तू तिला परत घ्या म्हणालीस तेव्हा मी लक्ष देता येणार नाही म्हटलं. तेही खोटं. मुंबईच्या डॉक्टरांचे कागद घेऊन मूल आलं, तर अधिकारी येतील, रजिस्टर काढतील, अशी मला भीती वाटली. मी रजिस्टर वाचवलं.

दुर्गा


वाशी,
२ जून १९८५

वन्सं,

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि न जेवता कंपनीत गेले. मी बसून राहिले. मग कागद घेतला, तो तुम्हाला वाटेल तसं बोलावं म्हणून. पाच वर्षं, वन्सं! पाच वर्षं माझी पोर पाकिटं चिकटवतेय आणि तुम्ही तिला मोठ्या अक्षरात कार्डं लिहिताय. मी पदर पसरला होता तुमच्यापुढे. कसं लिहवलं तुम्हाला ते "मनावर दगड ठेव"?

इतकं लिहून मी थांबले, कारण पुढचं मला माझ्याबद्दल लिहायचं आहे. तेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलात ठोकळे काढायच्या आधी त्या बाईंनी दाखला हातात घेतला, स्मिताकडे पाहिलं आणि मला विचारलं. यांना नाही, मला. "दाखल्यावर एकाहत्तर साल आहे, पण मुलगी फार लहान दिसते. वय नक्की आहे ना? आम्हाला त्याची गरज असते." यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, "हो, नक्की. आमच्याकडे सगळ्यांची चणच लहान."

बाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी पुन्हा हो म्हटलं. मला अभिमान वाटला होता वन्सं, की मी घाबरले नाही आणि घराची अब्रू राखली. ज्या आईने तिला जन्म दिला तिनेच तिची तारीख बदलली. तुम्ही एकदा बदललीत, मी दोनदा.

तुमच्यावर रागवायचा हक्क मला नाही. तरी राग आहेच. त्याचं काय करू ते मला कळत नाही.

वैजयंती


आंबेकोंड,
२५ ऑगस्ट १९८५

चि. वैजयंती,

तुझा राग जपून ठेव, माझ्या कामाला येईल.

मी रत्नागिरीला जाऊन शिक्षण खात्यात लेखी दिलं की ही तारीख मी जाणूनबुजून खोटी लिहिली. साहेब भले माणूस. म्हणाले, "बाई, गावोगाव हेच आहे, तुम्ही कशाला उकरून काढता? निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत." मी म्हटलं, गावोगावच्या मुलांना कुणी भागायला बसलं नाही, माझ्या भाचीला बसलं. परळच्या हॉस्पिटलातली जन्माची नोंद तू पाठवलीस ती जोडली. तारीख दुरुस्त होईल, वेळ लागेल.

शिक्षा म्हणून बदली झाली आहे. चिपळूणच्या पलीकडे. मी ऑर्डर वाचली आणि मला हसू आलं. जिथे सत्याहत्तर साली जायला हवं होतं, तिथेच चालले आहे.

आता एक कर. ठकूला घरी आण आणि खऱ्या तारखेने परत तपासून घे. शाळेत घाल. काहीही कर, पण तिला शाळेत बसव.

दुर्गाताई


वाशी,
१९ जानेवारी १९८६

ती. दुर्गावन्सं,

आजवर हे पत्र टाळलं. पण तुम्ही रोज पोस्टमनची वाट बघत असाल.

नोव्हेंबरात स्मिताला घरी आणली. त्याच हॉस्पिटलात गेलो. आता दुसऱ्या बाई आहेत, केस पिकलेल्या. दोन दिवस तपासलं. ठोकळ्यांत, चित्रांत आणि हिशेबात ती तिच्या वयाच्या जवळपास आहे. वाचणं-लिहिणं मात्र पहिली-दुसरीचं, तेही तुमच्या कार्डांवरून तिने आपलं आपण शिकलेलं. बाईंनी जुना रिपोर्ट बराच वेळ पाहिला. मी सगळं खरं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तेव्हा हिला एकच वर्ष त्याच वर्गात परत बसवलं असतं, तर पुरलं असतं." एकच वर्ष, वन्सं.

खूप पायऱ्या झिजवल्यावर एका शाळेने पाचवीत घ्यायचं कबूल केलं. नवा गणवेश शिवला. हे स्वतः सुट्टी घेऊन सोडायला गेले. तेरा वर्षांची पोर दहा वर्षांच्या मुलींमध्ये मागच्या बाकावर. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं वय काय?" दारातून मी पाहत होते. ती वळून माझ्याकडे पाहायला लागली, मी कुठलं सांगते म्हणून. पोरी हसल्या.

अकरा दिवस गेली. तक्रार नाही, रडणं नाही. बाराव्या दिवशी गणवेशाची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, गोजराला कोण भरवतंय?" मी म्हटलं, कुणीतरी भरवत असेल. म्हणाली, "ती कुणाच्या हातचं खात नाही. तुला माहीत नाही." मी समजावलं, विनवलं, एकदा हातही उगारला. हे म्हणाले, आजवर सगळं आपण ठरवलं, आता तिला ठरवू दे.

आणि मोऱ्याला गेलो तर गोजरा खरंच अंथरुणाला खिळलेली. बायजाबाई म्हणाल्या, "पोर सुकली पार. हिचीच वाट बगत व्हती." स्मिताने चप्पलसुद्धा काढली नाही. भाताची ताटली घेतली आणि बसली.

आता ती तिथे राहते, मुलगी म्हणून नव्हे, कामाला म्हणून. मला आईसारखं भेटते, लांबच्या पाहुण्यासारखं निरोप देते. मी तिला घेऊन जायला आले होते की सोडायला, ते मला बसमध्ये बसल्यावरही कळलं नाही.

तुम्ही फेब्रुवारीत कागदांसाठी मुंबईला येणार म्हणालात. आता या. तिला भेटा. मी तिला तुम्हाला पत्र लिहायला सांगितलं आहे.

वैजयंती


मोरा,
८ फेब्रुवारी १९८६

प्रिय आत्या,

हे माझं पहिलं पत्र आहे. तू कार्डात लिहितेस तसं मोठ्या अक्षरात लिहिते. तारीख वर घातली आहे. आई म्हणाली तारीख घातली नाही तर तू रागावतेस.

तुझी सगळी कार्डं माझ्याकडे आहेत. अडुसष्ट आहेत. तांबूच्या पाडीचं नाव तू लिहिलं नाहीस.

गोजरा आता बरी आहे. काल तिने दोन वेळा भात खाल्ला. मी तिला खिडकीत बसवते. आम्ही लाँच मोजतो.

आई म्हणाली तू सोळा तारखेला रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येणार. त्या दिवशी अष्टमी आहे. बारा वाजता पूर्ण सुकती असते. लाँच धक्क्याला लागत नाही, चिखलातून चालावं लागतं. तुझे पाय दुखतात. तू बाराच्या लाँचने येऊ नकोस. तीनच्या लाँचने ये. मी धक्क्यावर उभी राहते.

आई म्हणाली तू माझी तारीख बरोबर करून आणणार आहेस. तो कागद तू आईकडे ठेव. मला नको. शाळेत सगळे विचारत होते. इथे मला कुणी वय विचारत नाही.

तुझी
ठकू